टॅमियाची १/२४ जीआर सुप्रा, व्हर्नियर लावून तपासलेली

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईवाल्यांचं काम होईल. टॅमिया ह्या जपानी कंपनीचं १/२४ मधलं टोयोटा जीआर सुप्राचं किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायची प्लॅस्टिकची छोटी गाडी, घ्या, पैसे वसूल आहेत, पहिलंच किट असलं तरी जमेल अन् आधी बरीच केलेली असली तरी मजा येईल. पण डब्यावर जो १/२४ छापलेला असतो ना त्या आकड्याबद्दल मला लई बोलायचंय, कारण आपल्याकडं लोक गाडीचा फोटो बघून किट मागवतात, आकडा बघतच नाहीत, अन् मग कपाटात दोन गाड्या शेजारी ठेवल्या की एक फुगलेली अन् एक आखडलेली दिसते अन् कळत नाही नेमकं बिघडलं कुठं.

मी संभाजीनगरजवळ वाळूजला एका टूलरूममध्ये आहे, प्लॅस्टिकच्या मोल्डचं काम. दिवसभर पार्टिंग लाइन, स्लाइड, इजेक्टर पिन ह्यातच असतो त्यामुळं किटचा डबा उघडला की मला आधी गाडी दिसत नाही, मोल्ड दिसतो. खिशात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचा कॅलिपर, तर असतोच, वाळूज चिकलठाण्यात ज्याच्या खिशात व्हर्नियर नाही असा फिटर शोधून दाखवा. तर हा रिव्ह्यू त्या नजरेनं आहे.

आधी आकड्याचं बघू. १/२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या भागाएवढी. हे मूळ फूट-इंचवाल्यांचं गणित आहे, एका फुटाला अर्धा इंच, सरळ हिशोब. १/३२ म्हणजे फुटाला तीन अष्टमांश इंच, १/७२ म्हणजे सहा फुटाला एक इंच. ह्याच्यात १/२५ कुठून घुसलं हा प्रश्न मला लई दिवस होता, कारण १/२५ हे मीटरला ४ सेंटिमीटर असं दशमानात बसणारं माप आहे अन् वापरतात ते सगळ्यात जास्त अमेरिकेत, जिथं आजपण इंचच चालतो. त्याचं मूळ शोरूममध्ये आहे. १९५० च्या दशकात डेट्रॉइटच्या कंपन्या डीलरसाठी नव्या मॉडेलच्या छोट्या गाड्या बनवून घ्यायच्या, गिऱ्हाइकाला रंग दाखवायला अन् सोबत आलेल्या पोराच्या हातात द्यायला. एएमटी ही कंपनी १९४८ ला ह्याच धंद्यात सुरू झाली, त्या गाड्या १/२५ च्या होत्या, अन् पुढं १९५८ पासून त्याच मोल्डच्या जिवावर जोडायची किटं विकायला लागले. मोल्ड १/२५ चा म्हणून किट पण १/२५ चं, अन् अमेरिकन किटांचा तोच रिवाज पडला. जपानवाले १/२४ वर गेले. (जाता जाता, त्या सुरुवातीच्या प्लॅस्टिकच्या शोरूमच्या गाड्या अॅसिटेटच्या होत्या, ते प्लॅस्टिक वर्षानुवर्षं वाकत राहतं, म्हणून जुन्या संग्रहात त्या गाड्यांचं छत बसलेलं अन् बंपर वळलेले दिसतात. नंतर पॉलिस्टायरीन, म्हणजे आजच्या किटांचं प्लॅस्टिक, आलं अन् तो त्रास गेला.)

आता लोक म्हणतात चोवीस काय अन् पंचवीस काय, एकाचा तर फरक. आपल्याकडं गाडीच्या पाटीवर २४ म्हणजे लातूर अन् २५ म्हणजे धाराशिव, शेजारी शेजारी आहेत पण म्हणून एक नाहीत, तसंच हे. सुप्राची खरी लांबी साधारण ४३८० मिमी. २४ नं भागली तर १८२.५, २५ नं भागली तर १७५.२. सात मिलिमीटरच्या वर फरक पडला. लांबीत हा फरक चार टक्क्याचा, पण डोळा नुसती लांबी बघत नाही, सगळा आकार बघतो, अन् घनफळात तोच फरक तेरा टक्क्याचा होतो. म्हणून एकाच गाडीच्या दोन स्केलमधल्या बॉडी शेजारी ठेवल्या की लहान पोराला पण कळतं.

कुणी म्हणेल मोल्डिंगमध्ये प्लॅस्टिक आकसतं, त्यानं फरक पडत असेल. नाही. पॉलिस्टायरीन फार तर अर्धा टक्का, इकडं तिकडं थोडं आकसतं, सुप्राच्या लांबीवर ते एक मिलिमीटर पण होत नाही, अन् तेवढं धरूनच डाय मोठी केलेली असते, हे आयजीटीआरमधून (इंडो-जर्मन टूल रूम) पहिल्या वर्षाला शिकून आलेलं पोरगं पण सांगेल. चार टक्के आकसून येत नाहीत. माप चुकलं असेल तर ते कुणीतरी ड्रॉइंगवर ठरवून केलेलं असतं, नाहीतर डब्यावर खोटं छापलेलं असतं.

तपासायची पद्धत सोपी आहे अन् मी आता प्रत्येक किटला लावतो. लांबी मोजू नका, कारण खऱ्या गाडीची लांबी देशागणिक बदलते, अमेरिकेचा बंपर वेगळा, जपानचा वेगळा. व्हीलबेस मोजा, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. खऱ्या गाडीचा व्हीलबेस मिमीमध्ये घ्या अन् मॉडेलच्या मापानं भागा, जो आकडा येईल तो खरा स्केल. सुप्राचा व्हीलबेस २४७० मिमी, चोवीसनं भागला तर १०२.९. मी चेसिस जोडून एक्सल बसवल्यावर व्हर्नियर लावला अन् १०३ ला टेकला. बॉडीची लांबी १८२ ते १८३ च्या मधी. रुंदी पण बरोबर. आमच्या टूलरूममधले एक सीनियर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, डबा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी बॉडी उजेडात धरली, फिरवली, आतून बघितली अन् म्हणाले, "ह्याचा पार्टिंग कुठं दडवलाय रे यांनी?" काकांकडून ह्याच्यापेक्षा मोठी शाबासकी मी कुणाला मिळताना ऐकली नाही.

ते पार्टिंगचं समजून घेतलं तर किट हातात घेतल्यावर काय शोधायचं ते कळतं. गाडीची बॉडी म्हणजे खालून उघडा असलेला एक डबा आहे, मोल्डचा वरचा भाग कॅव्हिटी, आतला कोअर, अन् बाजूंनी सरकणारे तुकडे म्हणजे स्लाइड येतात कारण दारांवर, जाळीवर, बंपरवर आडवं काम असतं ते वरून निघूच शकत नाही. ह्या स्लाइड जिथं वरच्या भागाला भेटतात तिथं बारीक रेष उठते, तीच पार्टिंग लाइन. म्हणून जगातल्या कुठल्याही कारच्या किटला फेंडरच्या माथ्यावर, छताच्या खांबांवर अन् बंपरच्या कोपऱ्यावर रेष असतेच, तो दोष नाही, ती पद्धतच आहे. चांगला टूलमेकर ती रेष अशा ठिकाणी नेतो जिथं बॉडीची खरी कडा आहे म्हणजे ती खपून जाते. सुप्रात तेच केलंय. तरी पण रंग मारायच्या आधी बोटानं चाचपा, डोळ्याला नाही दिसली तर नखाला लागते, ब्लेडच्या पाठीनं खरवडा अन् मग ८०० चा अन् १००० चा वॉटर पेपर ओला करून फिरवा. हे न करता चकचकीत रंग मारला तर ती रेष आरशात दिसावी तशी उठून येते.

आता एक गोष्ट जी कुठल्याच डब्यावर लिहिलेली नसते. बाहेरून गाडी १/२४ असली तरी आतून ती नसते, असूच शकत नाही. खऱ्या गाडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास. तो चोवीस पट बारीक केला तर कागदापेक्षा पातळ होईल, तेवढ्यात प्लॅस्टिक भरणारच नाही. किटच्या बॉडीची भिंत एक ते सव्वा मिलिमीटर ठेवावी लागते, म्हणजे खऱ्या मापात जवळपास इंचभर जाड पत्रा. दोन्ही बाजूंनी तेवढं आत आलं, वर त्याच्या आत दारांची पॅनल असलेला टब, म्हणजे सीटचा आतला सगळा भाग, बसवायचा, मग सीटला जागा कुठून आणणार? म्हणून सीट थोड्या बारीक केलेल्या असतात, डॅशबोर्ड थोडा आखूड. सुप्रात हे इतकं बेतानं केलंय की काचेतून बघताना कळत नाही, सीट बाहेर काढून मोजली तरच कळतं. मला ही चोरी अजिबात वाटत नाही, उलट इथंच डिझाइन करणाऱ्याचं कसब दिसतं, कुठं माप पाळायचं अन् कुठं डोळ्याला पटेल तसं करायचं हे ठरवावं लागतं.

तसंच दारांच्या फटीचं. खऱ्या गाडीत फट चारएक मिलिमीटरची, २४ नं भागली तर ०.१७ मिमी. एवढी बारीक फट कोरली तर प्रायमर अन् रंगाच्या दोन हातातच बुजून जाईल. म्हणून किटमध्ये ती थोडी रुंद अन् खोल असते. सुप्रातल्या फटी मला योग्य वाटल्या, रंगानंतर वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला काळा रंग, सोडला की रेष सरळ धावते.

जुनी किटं घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. एका ओळखीच्याकडं एक जुनं जपानी किट आहे, कंपनीचं नाव घेत नाही, डब्यावर १/२४. व्हीलबेस मोजला तर बरोबर २४ आला. रुंदी मोजली तर २२ अन् २३ च्या मधे. म्हणजे लांबीत एक स्केल अन् रुंदीत दुसरा. चेसिस उलटी केली तर उत्तर मिळालं, खाली बॅटरीचा खण. १९७० च्या दशकात अन् नंतरही काही वर्षं ही किटं मोटर लावून पळवायची खेळणी पण होती, सेल अन् मोटर बसली पाहिजे म्हणून पोट फुगवलं, आतला तळ वर उचलला, अन् सीट अर्ध्याच खोलीच्या केल्या. तेच मोल्ड आजपण नवीन डब्यात, नवीन स्टिकर टाकून विकले जातात. डब्यावरचं चित्र नवीन म्हणून मोल्ड नवीन असं समजू नका. चेसिसच्या खालच्या बाजूला किंवा रनरवर (भाग ज्या चौकटीला चिकटून येतात ती) साल कोरलेलं असतं ते बघा, किंवा स्केलमेट्स ह्या वेबसाइटवर किटचं नाव टाका, मोल्ड कधीचा अन् किती वेळा डबा बदलला ते समजतं. सुप्राचा मोल्ड नवाच आहे, ही पिढीच २०१९ ला आली, त्यामुळं तो प्रश्न इथं नाही.

बॅटरीवरून आठवलं, रणगाड्यांचा १/३५ हा जगभर चालणारा स्केल पण टॅमियाच्याच एका पँथर रणगाड्यातून आलाय, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. आत मोटर अन् सेल बसतील एवढा रणगाडा करायचा होता, केला, मग मोजला तर १/३५ च्या जवळ निघाला, अन् पुढं सगळ्यांनी तोच धरला. म्हणून गाडीजवळ उभा करायला १/३५ चे सैनिक घेऊ नका, मिळतात स्वस्त पण ५ फूट ७ इंचाचा माणूस १/३५ मध्ये साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरचा होतो, तोच १/२४ च्या गाडीशेजारी चार फुटाच्या आतला दिसतो. १/२४ ला तोच माणूस ७१ मिमीचा पाहिजे. अन् १/४३ हा तर मॉडेल रेल्वेतून आलाय, इंग्लंडच्या ओ गेज नावाच्या मॉडेल रेल्वेला फुटाला ७ मिमी धरायचे, रेल्वेशेजारी ठेवायला गाड्या पाहिजेत म्हणून त्या मापाच्या झाल्या. हॉट व्हील्सवाल्या १/६४ चं तर काही बोलायलाच नको, १९६८ पासून सगळ्या गाड्या साधारण तीन इंचाच्या, छोटी मिनी असो का दहा टायरचा ट्रक असो, पॅकेटात बसली पाहिजे. पोरांनी खेळायला लई भारी, पण स्केल म्हणून शेजारी शेजारी लावू नका.

किटवर येतो परत. ह्याच्यात इंजिन नाही, बॉनेट उघडत नाही. काही लोकांना हे खटकतं, मला नाही, कारण बॉनेट उघडं ठेवलं की सांधा नीट बसत नाही अन् बंद गाडीची ती एकसंध लाइन मोडते. खालून सस्पेन्शन, एक्झॉस्ट, डिफरन्शियल सगळं व्यवस्थित दिलंय, गाडी उलटी करून बघायला मजा येते. ज्यांना इंजिन जोडायचंच आहे त्यांनी अमेरिकन १/२५ किटं बघावीत, त्यांच्यात पूर्ण इंजिन द्यायची परंपरा आहे. माझ्या भाच्याकडं १९६९ च्या कॅमेरोचं तसलं एक आहे, व्हीलबेस १०८ इंच म्हणजे २७४३ मिमी, मोजला तर ११० च्या किंचित आत, म्हणजे डब्यावरचा १/२५ खरा. इंजिनच्या वायरी ओढून ते पोरगं परळीहून मला रोज फोटो पाठवायचं. मामा हे बघा, मामा ते बघा. तर तोही प्रकार चांगलाच आहे फक्त एका कपाटात दोन्ही ठेवायचे असतील तर वरचा कप्पा अन् खालचा कप्पा असे वेगळे करा.

सुप्राचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडं लावता येतं, दोन्ही बाजूंचे भाग डब्यात आहेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, डावीकडं स्टिअरिंग असलेली गाडी आपल्या डोळ्याला परकी वाटते. आरशांची चकाकी अन् मार्क ह्यासाठी मेटल ट्रान्सफर, म्हणजे धातूसारखे चमकणारे पातळ स्टिकर, आहेत, प्लॅस्टिकवर क्रोम मारल्यापेक्षा शंभर पटीनं बरे. काचांच्या काळ्या कडा रंगवायला मास्किंगचा कागद आहे पण तो कापलेला येत नाही, रेषा छापलेल्या असतात, आपण कापायचा. नवीन ब्लेड घ्या, खाली काच किंवा कटिंग मॅट ठेवा अन् वळणावर ब्लेड नाही, कागद फिरवा.

चाकांबद्दल एक. बाजारात वेगळी चाकं मिळतात, त्यांच्यावर १८ इंच, १९ इंच असं लिहिलेलं असतं. ते १/२४ धरूनच असतं. १९ इंचाचं रिम १/२४ ला २०.१ मिमी होतं. तेच चाक १/२५ च्या गाडीला लावलं तर ते १९ नाही, जवळपास २० इंचाचं झालं, अन् गाडीचा सगळा बाज बदलतो. अन् टायर. खऱ्या गाडीचं टायर वजनानं खाली थोडं बसतं, मॉडेलच्या रबराला वजनच नाही म्हणून ते जमिनीला एका रेषेत टेकतं अन् गाडी तरंगल्यासारखी वाटते. टायरचा खालचा भाग खरखरीत पेपरवर चार वेळा घासून थोडा सपाट करा, मग गाडी जमिनीवर बसते. एवढ्याशा कामानं फोटोत लई फरक पडतो, करून बघा.

रंगाचं आपल्या भागात वेगळं आहे, इथं नीट ऐका. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, कोरडी हवा, स्प्रेचा थेंब बॉडीपर्यंत पोचायच्या आतच सुकतो अन् पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. ब्रशनं मारायचा अॅक्रेलिक तर ब्रशच्या टोकावरच वाळतो. पावसाळ्यात उलट, हवेत दमटपणा असला की लॅकरवर पांढुरकी झाक येते. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले, अन् उन्हाळ्यात मारायचाच असेल तर पहाटे, ऊन चढायच्या आत, फरशी ओली करून म्हणजे धूळ बसते. आमच्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ चकचकीत रंगाची पक्की वैरीण आहे, रंग मारल्या मारल्या वरून प्लॅस्टिकचा डबा पालथा घाला.

मी टॅमियाच्याच स्प्रेचा टीएस-८ इटालियन रेड मारला अन् वरून टीएस-१३ क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. पातळ पातळ हात, मधे सुकू द्यायचं, अन् शेवटी १५०० अन् २००० चा वॉटर पेपर मारून रबिंग कंपाउंड. मेटॅलिक रंग घ्यायचा असेल तर स्केल परत आडवा येतो. गाड्यांच्या खऱ्या रंगातला अॅल्युमिनियमचा दाणा समजा तीस मायक्रॉनचा असला तर चोवीस पटीनं तो पाऊण मिलिमीटरचा दिसतो, म्हणजे गाडीवर चमकी टाकल्यासारखं. गॅरेजवाल्याकडून मिक्स करून घेतलेला मेटॅलिक म्हणून मॉडेलवर भडक दिसतो, मॉडेलचाच बारीक दाण्याचा घ्या. साधा रंग गॅरेजचा चालतो. गॅरेजचा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, क्लिअर तर फारच सुंदर बसतो, पण त्याचा हार्डनर छातीला वाईट आहे, साधा रुमाल बांधून मारू नका, नीट फिल्टरचा मास्क पाहिजे अन् मोकळी हवा. अन् हार्डवेअरचा एनसी थिनर उघड्या पॉलिस्टायरीनवर डायरेक्ट नको, प्लॅस्टिक खातो. आधी प्रायमरचे एक-दोन कोरडे हात, मग बाकीचं.

डिंक मात्र टॅमियाचाच एक्स्ट्रा थिन घ्या, हिरव्या झाकणाचा. भाग एकमेकांना धरायचे अन् सांध्याला नुसता ब्रश टेकवायचा, फटीत आपोआप पळतो. पारदर्शक भागांना मात्र तो लावू नका, काचेला डाग पडतो, काचेला पांढरा पीव्हीए गोंद चालतो, स्टेशनरीच्या दुकानातला.

किंमत. मला साडेतीन हजाराच्या आसपास पडलं, जास्ती आहे हे मान्य, त्यात रंग, डिंक, कटर धरला तर पहिल्या वेळेला पाच-साडेपाचपर्यंत जातं. संभाजीनगरमध्ये काउंटरवर उभं राहून किट निवडावं असं दुकान मला सापडलेलं नाही, गुलमंडी, निराला बाजार, उस्मानपुरा सगळं पालथं घातलं, रिमोटच्या गाड्या अन् डायकास्ट मिळतात, किट नाही. ऑनलाइनच मागवावं लागतं, पुण्या-मुंबईच्या विक्रेत्यांकडून. किट लवकर येतं पण स्प्रेचे डबे ज्वलनशील म्हणून विमानानं जात नाहीत, रस्त्यानंच येतात, त्यामुळं उशीर धरून चला. एका विक्रेत्यानं मला किटचा डबा साध्या पिशवीत पाठवला होता, कोपरा पार चेपलेला, आतले भाग वाचले हे नशीब. ऑर्डर करतानाच सांगा की दादा, बाहेरून दुसरा खोका लावा, बहुतेक लोक ऐकतात.

पहिलंच किट असेल अन् एवढा खर्च नको वाटत असेल तर आओशिमाची १/३२ ची स्नॅप किटं आहेत, ना डिंक ना रंग, भाग रंगीतच येतात अन् दाबून बसतात, पोरांबरोबर रविवारी दुपारी बसायला झकास. पण १/३२ ला गाडीचं घनफळ १/२४ च्या निम्म्यापेक्षा कमी होतं हे लक्षात ठेवून घ्या, फोटोत अंदाज येत नाही.

नंबर प्लेट किटसोबत येतात त्या परदेशी. आपली करायची असेल तर कारची प्लेट ५०० बाय १२० मिमी असते, १/२४ ला २०.८ बाय ५ मिमी. मी एमएच २० ची केली, कॉम्प्युटरवर बनवून फोटो स्टुडिओतून चकचकीत कागदावर प्रिंट काढली, मागं पातळ प्लॅस्टिकची पट्टी. लाल सुप्राला एमएच २० बघून काकांनी ती दोन दिवस स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतली.

ह्याच्या पुढचं जे डोक्यात आहे ते पण सांगतो, कारण मदत पाहिजे. भारतातल्या गाड्यांची किटं जवळपास नाहीतच. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा जोडली गेली, आमच्या इथल्या कितीतरी घरांची चूल त्या प्लांटवर पेटली, त्यामुळं बेल्किट्स कंपनीचं रॅलीवाल्या स्कोडा फाबियाचं किट तरी आहे ह्याचं मला समाधान वाटतं. पण मला पाहिजे मारुती जिप्सी. पोलिसांची, तहसीलची, जंगलातली, आपण सगळे जिला बघत मोठे झालो ती. हसेगावाचं १/२४ मध्ये सुझुकी जिम्नी जेए११ चं किट येतं, तिचा पुढचा चेहरा जिप्सीच्या सख्ख्या बहिणीचा. जिम्नीचा व्हीलबेस २०३० अन् जिप्सीचा २३७५, फरक ३४५ मिमी, चोवीसनं भागला तर १४.४. म्हणजे चेसिस अन् बॉडी दाराच्या मागं कापून चौदा मिलिमीटर अन् वर एक केसभर प्लॅस्टिकची शीट घालायची, फेंडर रुंद करायचे, मागं कापडी छत. व्हीलबेसचं गणित जमलंय, पण मागच्या बाजूची मापं कुठंच नीट मिळत नाहीत. कुणाच्या दारात एमजी४१३ जिप्सी उभी असेल, चालती असो का बंद, तर एवढं करा. मागचं फाटक, बाजूच्या पत्र्याची उंची, मागच्या चाकापासून बंपरपर्यंतचं अंतर, टेप लावून मिलिमीटरमध्ये लिहून पाठवा, अन् टेप दिसेल असा एक फोटो.